गारमावशीचं नाक

माझ्या सासूबाई एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं कामाला होत्या. त्या स्वयंपाकघराचे दोन भाग होते. एकीकडे शेगड्या, भट्ट्या, वाफ आणि आरडाओरडा. काचेच्या दारापलीकडे सगळं थंड: चिरलेली फळं, सॅलड, चीज, शिजवून गार केलेल्या मांसाचे कागदासारखे काप. हा थंड विभाग सासूबाई सांभाळायच्या, म्हणून तिथे सगळे त्यांना गारमावशी म्हणायचे. आतल्या थंडीमुळे त्या बारा महिने दोन स्वेटर घालून कामाला जायच्या. भर उन्हाळ्यात बसस्टॉपवर लोक त्यांच्याकडे वळून वळून बघायचे, तेव्हा त्या म्हणायच्या, "बघू देत. मी रोज थंड हवेच्या ठिकाणी जाते, त्यांच्या नशिबात नाही, त्याला मी काय करू?"

त्यांचं नाक फार तीक्ष्ण होतं. क्रीमचा डबा उघडला की नाकाजवळ न नेताच त्या सांगायच्या, "हे आज संध्याकाळपर्यंतच." मुख्य शेफ नव्या माणसांना त्यांची ओळख करून देताना म्हणायचा, "ह्या गारमावशी. ह्यांच्या हातांना पगार आहेच, पण नाकाला वेगळा द्यायला हवा." आमच्या घरीही तेच. दूध नासायच्या आधी त्यांना कळायचं. शेजारणी भांडी घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "मावशी, हे खाऊ का टाकू?" त्या सांगतील तसं व्हायचं. बावीस वर्षांत त्यांच्या हातचं खाऊन कुणाचं पोट बिघडलं नव्हतं, आणि याचा त्यांना अभिमान होता. तो लपवायच्याही नाहीत.

नवरा गेला तेव्हा त्यांचा मुलगा सहा वर्षांचा होता. त्याला त्यांनी एकटीनं वाढवलं. तो लिफ्टच्या दुरुस्तीचं काम शिकला, आणि एका इमारतीत अडकलेली लिफ्ट सोडवायला आला असताना आत अडकलेली मी होते. पुढे लग्न झालं. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे सासूबाईंना आई म्हणताना मला अडखळावं लागलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगून टाकलं, "अगं, मला मुलगी हवी होती. हा झाला. चालवून घेतलं."

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करते. दिवसभर मान खाली. घरी येईपर्यंत आई आलेल्या असायच्या आणि ओट्यावर त्यांचा स्टीलचा डबा उघडलेला असायचा. त्यात असायची टोकं. चीजचा किंवा मांसाचा मोठा ठोकळा यंत्रावर कापत गेलं की शेवटी हाताएवढं टोक उरतं, त्याचे सारखे काप निघत नाहीत. ते पाहुण्यांपुढे मांडत नाहीत, टाकून देतात. नियमाप्रमाणे ते घरीही न्यायचं नाही. पण डोळ्यांदेखत चांगलं अन्न कचऱ्यात जाणं आईंना सोसायचं नाही आणि शेफ तेवढ्यापुरता दुसरीकडे बघायचा. नवरा म्हणायचा, "जगात मधला भाग कसा लागतो ते मला माहीत नाही. मी टोकांवर वाढलोय."

लग्नाला पाच वर्षं झाली तरी मूल होत नव्हतं. आईंनी एकदाही विषय काढला नाही. कुणी काढला तर त्याच त्याला वाटेला लावायच्या. मग सहाव्या वर्षी मला दिवस गेले. दवाखान्यातून येऊन मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. निवडलेली आणि न निवडलेली भाजी त्यांनी एकाच परातीत ओतली, आणि मग आपण काय केलं ते बघून हसत सुटल्या.

दवाखान्यात नाव घातलं तेव्हा तिथल्या परिचारिकेनं एक छापील कागद दिला. गरोदरपणात काय खायचं, काय टाळायचं. कच्चं दूध आणि त्याचं मऊ चीज नको. अर्धकच्ची अंडी, अर्धकच्चं मांस, कच्चे मोड नकोत. चिरून ठेवलेली फळं नकोत. फळं, पालेभाज्या स्वच्छ धुवून घ्या. शिजवून गार केलेलं तयार मांस खायचंच असेल तर वाफ निघेपर्यंत गरम करून खा. फ्रिजमध्ये फार दिवस ठेवलेलं खाऊ नका. खाली एक ओळ होती: ताप आला तर घरी न थांबता त्याच दिवशी दाखवा.

आईंनी चष्मा लावून तो कागद अख्खा वाचला. "अंडं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मांसही बरोबर. पण फ्रिजमधलं का नको? गरमीत बिघडतं, थंडीत टिकतं. माझा जन्म गेला त्यात."

"असं लिहिलंय खरं," मी म्हटलं.

"लिहिणाऱ्यानं सगळ्यांसाठी लिहिलंय. कुणाच्या घरी कसं ठेवतात त्याला काय माहीत?"

मला ते पटलं. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढे बराच काळ मी स्वतःला ते पटलं नव्हतं असं सांगत होते.

तिसऱ्या महिन्यापासून मला उलट्यांनी हैराण केलं. गरम अन्नाचा वास आला की पोटातून ढवळून यायचं. भात शिजायला लागला की मी जिन्यात जाऊन बसायची. वजन वाढायच्या ऐवजी दोन किलो कमी झालं. डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं, जे पोटात राहील ते खा. पोटात राहायचं ते फक्त थंड. आई मग हात आखडता न घेता आणायला लागल्या. कलिंगडाच्या फोडी, मऊ पांढरं चीज, मांसाचे गार काप. त्या डबा आधी स्वतः हुंगायच्या, एक तुकडा स्वतः खायच्या, मिनिटभर थांबायच्या, आणि मग माझ्यापुढे ठेवायच्या. राजाचं अन्न चाखणाऱ्या माणसासारख्या. मी तसं म्हटलं की त्या म्हणायच्या, "राजा नाही, राणी येणारेय. मला माहितेय."

एकदा मी म्हटलं, "आई, हे काप वाफ येईपर्यंत गरम करून खायचे असं त्या कागदावर होतं."

"गरम केले की तुला वास येतो आणि तू खात नाहीस. करू का गरम?"

"नको."

"मग खा. माझ्या हातचं आहे."

मी खाल्लं. त्या दिवशी पोटात राहिलं, दुसऱ्या दिवशीही राहिलं. पाचव्या महिन्यात वजन वाढलं, गालांवर रंग आला. डॉक्टरांनी शाबासकी दिली ती मी घरी येऊन आईंना सांगितली, तेव्हा त्यांनी ती हॉटेलात जाऊन सगळ्यांना सांगितली. उलट्या थांबल्या होत्या, आता मी गरमही खाऊ शकत होते. पण संध्याकाळी डबा उघडायची सवय आम्हा दोघींनाही लागली होती. बाळ तेव्हा फार हालायचं. आई माझ्या पोटावर हात ठेवायच्या आणि त्यांचा हात इतका गार असायचा की बाळ आतून दूर सरकायचं. "रागावली," त्या म्हणायच्या.

सातवा महिना लागला आणि एका सोमवारी दुकानातच माझं अंग कसकसायला लागलं. ताप फारसा नव्हता. कंबर दुखत होती, एकदोनदा पोट बिघडल्यासारखं झालं. दुकानात दोघंजण सर्दीनं आजारी होते, तेच मला लागलं असं धरून चालले. आईंनी कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या. मंगळवारी ताप उतरला, संध्याकाळी परत चढला. नवरा म्हणाला, "दाखवून येऊ या का?" मीच म्हटलं, "उद्या बघू. बरं वाटतंय." आईही म्हणाल्या, "एक दिवस बघू." त्या कागदाची शेवटची ओळ आमच्यापैकी कुणालाच आठवली नाही. कागद कपाटाच्या खणात होता, बाकीच्या पावत्यांखाली.

बुधवारी सकाळी ताप अजिबात नव्हता. मी चहा केला. कप तोंडाला लावला आणि लक्षात आलं की बाळ सकाळपासून हाललेलं नाही. मी उजव्या कुशीवर झोपले, डाव्या कुशीवर झोपले. आईंना हाक मारली. "तुमचा हात ठेवा," मी म्हटलं. त्यांनी पोटावर हात ठेवला. आम्ही दोघी वाट बघत राहिलो. मग त्यांनी हात काढला आणि म्हणाल्या, "चप्पल घाल."

सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर पोटावर यंत्र पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. मी पडद्याकडे बघत नव्हते, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते दुसऱ्या डॉक्टरांना बोलवायला बाहेर गेले तेव्हाच मला कळलं.

मूल जन्माला मात्र घालावंच लागलं. मला ते माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, ते झोपवतील आणि सगळं संपवतील. गुरुवारी दुपारी ती झाली. मुलगीच होती. परिचारिकेनं विचारलं, "बघायचंय का?" मी हो म्हटलं. तिला पांढऱ्या कापडात गुंडाळून आणलं. बोटांना नखं आली होती. मी तिला घेतलं, नवऱ्यानं घेतलं, मग आईंनी घेतलं आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ. परिचारिका दोनदा दारात येऊन परत गेली. आई तिला काहीतरी सांगत होत्या, हळू आवाजात, मला ऐकू आलं नाही. मी त्यांना कधी विचारलंही नाही.

आठ दिवसांनी डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. माझ्या रक्ताच्या आणि वारेच्या तपासणीचा रिपोर्ट आला होता. ते म्हणाले, "लिस्टेरिया नावाचा जंतू सापडलाय. तो अन्नातून जातो." आणि त्यांनी समजावून सांगितलं. हा जंतू मातीत असतो, ओल्या जागी राहतो. इतरांना यातून फार तर एकदोन दिवस पोटाचा त्रास होतो, पुष्कळांना कळतही नाही. गरोदर बाईला थोडा ताप येतो, अंग दुखतं, सर्दीसारखं वाटतं. पण तो वारेतून बाळापर्यंत पोचतो. खाल्ल्यापासून ताप येईपर्यंत कधी आठवडा जातो, कधी दोन महिने.

"गेल्या दोन महिन्यांत काय काय खाल्लं, आठवेल तेवढं सांगा," ते म्हणाले. "कच्चं दूध? मऊ चीज? गार मांस?"

मी आईंकडे बघितलं नाही. आईच बोलल्या. "हो," त्या म्हणाल्या. "मी द्यायची. पण आम्ही तिघांनी एकाच डब्यातून खाल्लं, डॉक्टर. मी आधी खायची."

"तुम्हाला काही होणार नाही. हिला होतं."

"सगळं फ्रिजमध्ये असायचं."

"बाकीचे जंतू थंडीत वाढायचे थांबतात. हा थांबत नाही. हळूहळू वाढत राहतो. नीट शिजवलं, वाफ येईपर्यंत गरम केलं की मरतो."

आईंनी विचारलं, "त्याला वास येतो का?"

"नाही."

"चव?"

"नाही. अन्न अगदी चांगलं दिसतं, चांगलं लागतं."

आईंनी मान हलवली, कुणीतरी रस्ता सांगावा आणि तो कळावा तशी. मग त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, जो मला विचारायचा धीर झाला नसता. "सोमवारीच आणलं असतं तर?"

"नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले. "वेळेवर औषध सुरू झालं तर कितीतरी बाळं वाचतात. सगळी नाही."

परत येताना टॅक्सीत आई पुढे बसल्या होत्या. अर्ध्या वाटेवर त्या मागे न बघता म्हणाल्या, "मी तिला घ्यायला नको होतं." बाळाला खिडकीपाशी घेऊन उभ्या होत्या त्याबद्दल बोलत होत्या. नवरा म्हणाला, "आई, असं नको बोलूस."

मला दूध येतच होतं. ते थांबायच्या गोळ्या चालू होत्या तरी घरी आल्यावर छाती दगडासारखी झाली, झगा भिजायला लागला. आई थंड पाण्यात पिळलेला पंचा घेऊन आल्या. त्यांनी तो माझ्या छातीवर ठेवायला हात पुढे केला आणि मी म्हटलं, "हात लावू नका." त्या थबकल्या. मी तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "सगळं तुमच्याच हातचं होतं ना?"

त्यांनी पंचा माझ्या बाजूला खुर्चीवर ठेवला आणि बाहेर गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या ताटात काही वाढलं नाही. स्वयंपाक नवरा करायला लागला, त्याला जमेल तसा. आई सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्या राहून दोन घास खायच्या.

नंतर जे झालं ते मला तुकड्या तुकड्यांनी कळलं, कारण घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

आई कामावर परतल्या त्या पहिल्याच सकाळी शेफकडे गेल्या आणि म्हणाल्या, "आपलं काप करायचं यंत्र तपासून घ्या. आणि कोल्डरूमची मोरी." त्यांनी सगळं सांगितलं. शेफ वाईट माणूस नव्हता. त्याचे डोळे भरून आले असं आईंनी पुढे कधीतरी सांगितलं. पण तो म्हणाला, "मावशी, तुमच्या घरची गोष्ट घरात राहू द्या. टोकं घरी न्यायची नाहीत हा नियम आहे. हे बाहेर गेलं तर आधी तुम्हीच जाल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची."

आई म्हणाल्या, "वर जेवायला येतात त्यात पोटुशा बाया नसतात का?"

"मी बघतो," शेफ म्हणाला. चार दिवस त्यानं काही बघितलं नाही. यंत्र चालूच होतं. पाचव्या दिवशी आई ते चालवायला उभ्या राहिल्या, आणि त्यांना ते जमलं नाही. स्वेटर काढून खुंटीला अडकवले आणि थेट अन्न तपासणीच्या कार्यालयात गेल्या.

तिथल्या निरीक्षक बाई मला पुढे भेटल्या, त्यांनी सांगितलं. आई सगळा जबाब सरळ देत गेल्या. टोकांची गोष्ट आली तेव्हा निरीक्षक बाईंनी पेन थांबवलं आणि विचारलं, "हे लिहू का? यावर तुमची सही लागेल."

"लिहा," आई म्हणाल्या. "ते लिहिलं नाही तर माझी सून काय खाऊन आजारी पडली ते कसं कळणार?"

दोन दिवसांनी माणसं आली. त्यांनी यंत्र सुटं करायला लावलं, फटीफटीतून बोळे फिरवून नमुने घेतले. पात्यामागे एक रबरी कडी होती, तिला बारीक भेग गेली होती. त्या भेगेत जंतू सापडला, माझ्या रक्तात सापडला तोच. आई ते यंत्र रोज संध्याकाळी गरम पाण्यानं आणि साबणानं धुवायच्या. बावीस वर्षं. ती कडी निघते हेच त्यांना कुणी कधी दाखवलं नव्हतं.

थंड विभाग अकरा दिवस बंद राहिला. यंत्र भंगारात गेलं. आईंना घरी बसवलं, नियम मोडला म्हणून. एका दुपारी त्या पिशवीत दोन स्वेटर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "झालं." मी तेव्हा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी वळलेही नाही.

माझ्या रागाला दुसरी वाट नव्हती. कधी वाटायचं, त्या चिडाव्यात, उलटून बोलाव्यात, म्हणजे मला अजून बोलता येईल. त्या बोलायच्या नाहीत. मी खोलीत आले की त्या उठायच्या. तीन खोल्यांच्या घरात आम्ही दोघी एकमेकींची वाट चुकवत कशा राहिलो याचं आज नवल वाटतं.

दोनेक महिन्यांनी मी दुकानात जायला लागले, आणि आई दर मंगळवारी सकाळी कुठेतरी जायला लागल्या. नवऱ्याला वाटलं, काम शोधतायत. मग एक दिवस दवाखान्यातल्या त्या परिचारिकेचा मला फोन आला. "तुमच्या सासूबाई इथे येतात," ती म्हणाली. "गरोदर बायकांच्या तपासणीच्या दिवशी. बाकावर बसतात आणि शेजारच्या बाईला गोष्ट सांगतात. बायका रडतात. एक तर तपासणी न करताच उठून गेली. तुम्ही त्यांना समजवाल का?"

मी गेले. आई बाकाच्या टोकाला बसल्या होत्या, शेजारी एक तरुण मुलगी. आई तिला म्हणत होत्या, "नखं आली होती तिला." ती मुलगी दोन्ही हातांनी पोट झाकून बसली होती. मी आईंच्या दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं. कित्येक आठवड्यांनी मी त्यांना स्पर्श केला होता.

"कशाला घाबरवताय त्यांना?" मी म्हटलं.

"कागद देतात," त्या म्हणाल्या. "कागद आपल्यालाही दिला होता."

परिचारिका आमच्यामागून बाहेर आली होती. तिनं ते ऐकलं. ती चांगली बाई होती. तिनं आईंना आत नेऊन बसवलं आणि म्हणाली, "मावशी, सांगायचं तर असं सांगू नका. काय करायचं ते आधी सांगा. बाळाचं शेवटी, तेही कुणी विचारलं तरच." तिनं त्यांना शिकवलं. दूध उकळलेलं किंवा पाश्चराइज केलेलं. फळ धुवून, त्याच वेळी चिरून. गार मांस वाफ येईपर्यंत गरम करून, नाहीतर नकोच. उरलेलं फार दिवस ठेवायचं नाही. ताप आला, कंबर दुखली, बाळ कमी हाललं, तर त्याच दिवशी यायचं. आईंनी ते पाठ केलं. घरी ओट्याशी उभ्या राहून पुटपुटताना मी त्यांना ऐकलं आहे, शाळेतल्या मुलीसारखं. एखादा मुद्दा सुटला की परत पहिल्यापासून.

त्या पाच वर्षं जात राहिल्या. त्याच बाकावर.

मला पुन्हा मूल झालं नाही. तपासण्या केल्या, कशातच दोष निघाला नाही. तिसऱ्या वर्षानंतर आम्ही तारखा बघायचं सोडलं. नवऱ्यानं एका रविवारी, मी सांगितलेलं नसताना, आतल्या खोलीतला पाळणा खाली नेऊन कुणाला तरी देऊन टाकला आणि दिवसभर घरी आला नाही.

मध्ये एकदा, आईंच्या मंगळवारांना चौथं वर्ष लागलं तेव्हा, मी त्यांच्याशी बोलले. त्या बटाटे सोलत होत्या. मी समोर बसले आणि म्हटलं, "आई, ते वाफ येईपर्यंत गरम करायचं मी वाचलं होतं. मला माहीत होतं. आणि मंगळवारी दाखवायला जायला नको असं मीच म्हटलं होतं."

त्यांचे हात थांबले नाहीत. "मला माहितेय," त्या म्हणाल्या. "मी होते ना तिथे."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत? मी इतकं बोलले तेव्हा?"

"तुला दूध आलं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा कसं बोलायचं?" मग पुढचा बटाटा उचलत म्हणाल्या, "तू वाचलंस. पण वाढलं मी. ते काही बदलत नाही."

मला वाटलं होतं, बोलले की काहीतरी हलकं होईल. तसं झालं नाही. पण मी दुसरी सुरी घेतली आणि उरलेले बटाटे सोलले, आणि त्या संध्याकाळी त्यांनी मला वाढलं. गरम, वाफ निघत असलेलं. मी खाल्लं. दोघींनाही एकमेकींकडे बघवत नव्हतं.

गेल्या महिन्यात एक बाई पत्ता शोधत आमच्या दारात आली. सोबत तीन वर्षांची मुलगी होती. ती बाई आईंना म्हणाली, "मावशी, तुम्हाला आठवणार नाही. तुम्ही बाकावर माझ्याशेजारी बसला होता. आठव्या महिन्यात मला ताप आला, अगदी थोडा. सगळे म्हणाले, सर्दी आहे. मी तुमचं ऐकून त्याच दिवशी आले. तोच जंतू निघाला. पंधरा दिवस सलाईनमधून औषध दिलं." तिनं मुलीला पुढे केलं. "ही बघा."

मुलगी आमच्या पायपुसण्यावर उड्या मारत होती. आईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. हात मागे बांधून तिच्याकडे बघत राहिल्या. बाई मला म्हणाली, "घ्या ना, येते ती कुणाकडेही." मी म्हटलं, "माझे हात ओले आहेत." ते ओले नव्हते. मला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही असेल. पण मनात पहिलं आलं ते हेच, की ह्या बाईला वेळेवर आठवलं.

ती बाई फार थांबली नाही. मुलगी जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरली, सातनंतर तिला आकडे येत नव्हते, म्हणून परत एकपासून. खालचं दार वाजलं. आई दारातच उभ्या होत्या. आत या, असं मी त्यांना म्हटलं नाही. मीही जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.